कापसाचा भाव, ज्वारीचं माप आणि दहा वर्षांची सरासरी

मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि जगभरच्या पेपरांनी एकच मथळा दिला: अमेरिकन यादवी युद्धानंतरचा सगळ्यात मोठा भाव! १८६४ साली न्यूयॉर्कला कापूस १ डॉलर ८९ सेंटपर्यंत चढला होता. तो विक्रम तब्बल दीडशे वर्षांनी मोडला म्हणे.

आता जरा थांबून विचार करा. १८६४ चा डॉलर आणि २०११ चा डॉलर हे एकच नाणं आहे का? त्या काळात अमेरिकेतली महागाई साधारण चौदा पटीने वाढली. म्हणजे १८६४ चे १ डॉलर ८९ सेंट २०११ च्या हिशोबाने पंचवीस डॉलरच्याही वर जातात. मोडलेला "विक्रम" खऱ्या अर्थाने जुन्या विक्रमाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. पेपरवाल्यांनी दीडशे वर्षांच्या अंतरावरचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि मोठा कोणता ते बघितलं, एवढंच.

पण गंमत इथे संपत नाही. समजा महागाईचा हिशोब नीट केला, तरी दुसरा प्रश्न उरतो. १८६४ हे वर्ष कापसाचं "खरं" वर्ष मानायचं का? की ते एक झपाटलेलं वर्ष होतं?

कुठल्या वर्षाचा रुपया, आणि कुठल्या वर्षाची कमाई. शेअरची किंमत जोखताना हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. त्यांच्यावरच एक सुप्रसिद्ध मापही उभं आहे: केप, म्हणजे मागच्या दहा वर्षांची कमाई आजच्या रुपयांत आणून तिची सरासरी काढायची, आणि शेअरच्या भावाला त्या सरासरीने भागायचं. रॉबर्ट शिलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने हे माप ओळखलं जातं. पण माझ्या मते या मापाची गरज का आहे हे समजायला येल विद्यापीठात जायची गरज नाही. आमचं अकोला-अमरावती पुरेसं आहे.

तर मंडळी, चला १८६१ मध्ये.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग इंग्रजांची नजर वळली हिंदुस्थानाकडे, आणि हिंदुस्थानात वऱ्हाडकडे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातात आलाच होता. इथली काळी कसदार जमीन म्हणजे कापसासाठीच जन्माला आलेली. त्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जायचा, तिथून गंगेतून होडीने कलकत्त्याला. वाटेत पाऊस लागला तर माल भिजला, धूळ बसली, बैल मेले... आता मात्र भाव इतका चढला की कसाही पोचवला तरी परवडत होतं.

किती चढला? लिव्हरपूलला हिंदी कापसाचा भाव युद्धाच्या तीन वर्षांत चौपटीच्या पुढे गेला. त्या पाच वर्षांत मुंबई इलाख्यात नेहमीच्या भावापेक्षा ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे आले, असा त्या काळचा अंदाज आहे. नेहमीचे पैसे वेगळेच, हे फक्त वरचे! वऱ्हाड-नागपूरकडे कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशा गोष्टी सांगतात. "वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण उगाच नाही पडली.

हा पैसा सगळा वऱ्हाडात राहिला नाही, हे सांगायला नकोच. तो व्यापारी, दलाल, अडते यांच्या हातून मुंबईला गेला आणि तिथे त्याने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशन आणि १८६४-६५ चा तो शेअरचा उन्माद. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, ८ जमीन कंपन्या आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या १६ प्रेस कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. बॅकबेच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. आणि कमाई? समुद्रात भर टाकून जमीन तयार व्हायची होती, मग ती विकायची होती, मग कमाई. म्हणजे भागाकारात खालचा आकडा शून्य! आमच्या धंद्यात याला रनटाइम एरर म्हणतात. शेअरबाजारात "भविष्य उज्ज्वल आहे" म्हणतात :)

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. मुंबईला बातमी पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्याच्या सौद्यांची तारीख होती, त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवरून ८७ रुपयांवर आला. १८६८ पर्यंत ती बँकच आटोपली आणि नव्या नावाने नवी काढावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, हा तर सट्टा होता, शहाण्या माणसाचं त्यात काय गेलं? बरोबर आहे. बॅकबेवाल्यांना सरासरी कळली असती तरी त्यांनी ती काढली नसती. म्हणून मला त्याच काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात सट्टेबाज नाहीत. तिच्यात आहेत कागदपत्रांवर बारीक अक्षरात हिशोब मांडणारे, प्रामाणिक, हुशार सरकारी अधिकारी.

जमिनीवर सारा किती बसवायचा हा इंग्रजांपुढचा प्रश्न आणि शेअरला किती भाव द्यायचा हा तुमच्या-माझ्यापुढचा प्रश्न, दोन्ही मुळात एकच. ही वस्तू पुढची अनेक वर्षं किती कमावून देईल? गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जी पद्धत बसवली, तिचा नियम असा होता. जमिनीची प्रत आण्यांमध्ये लावायची: सोळा आणे म्हणजे उत्तम, त्याखाली कमी कमी. पाऊस कसा, बाजारपेठ किती लांब, ते बघायचं. मग त्या भागात मागच्या अनेक वर्षांत लागवड किती झाली, वसुली किती झाली, भाव काय होते याचे तक्ते मांडायचे. एका वर्षावर जायचं नाही. आणि ठरलेला दर तीस वर्षं बदलायचा नाही. हीच पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडातही आली.

बघा, मागच्या अनेक वर्षांचा हिशोब, पुढच्या तीस वर्षांचं मूल्य. कागदावर हे चांगलंच शहाणपणाचं आहे. घोटाळा झाला तो फेरआकारणीच्या वेळी, आणि वऱ्हाडात नाही, पुणे जिल्ह्यात. इंदापूर तालुक्याची पहिली तीस वर्षं १८६६-६७ च्या सुमारास संपली. म्हणजे नवा दर ठरवायची वेळ आली ती नेमकी कापसाच्या तेजीच्या शेपटाला! अधिकाऱ्यांनी मागच्या वर्षांचे भाव बघितले. त्यात अमेरिकन युद्धाची वर्षं होती, रेल्वेच्या बांधकामामुळे वाढलेली मजुरी होती, चढलेले धान्याचे भाव होते. निष्कर्ष निघाला की जमीन आता पूर्वीपेक्षा खूप जास्त कमावते, आणि सारा सुमारे निम्म्याने वाढला. पुढे भाव उतरले. सारा उतरला नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने ओरड केली. १८७४ मध्ये सरकारने नियम केला: तालुक्याचा सारा ३३ टक्क्यांपेक्षा, एका गावाचा ६६ टक्क्यांपेक्षा आणि एका खातेदाराचा दुपटीपेक्षा जास्त वाढवायचा नाही. पण मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. दंग्यांचं कारण एकटा सारा नव्हता. तेजीत जमिनीच्या तारणावर सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं आणि मंदीत मूठ आवळली, हे त्यातलं मोठं कारण. पण जरा खोलात गेलात तर तीही तीच चूक आहे. तेजीतल्या कमाईवरून जमिनीची किंमत ठरवली आणि त्या किमतीवर कर्ज दिलं. दंग्यांच्या चौकशी आयोगातले ऑकलंड कॉल्विन यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात फेरआकारणीवर हाच आक्षेप घेतला, की युद्धकाळात फुगलेल्या भावांना कायमचं धरलं गेलं.

थोडक्यात काय, सरासरी काढणं पुरेसं नाही. तेजीची वर्षंच सरासरीत भरली तर सरासरीही तेजीचीच निघते.

इथे एक गणित करून बघू. (घाबरू नका, बेरीज-भागाकारच आहे.) समजा अकोल्याला एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी आहे आणि मागच्या दहा वर्षांत तिची शेअरमागे कमाई अशी आहे: ८, ९, ७, १०, ६, ९, ११, १०, १२ आणि शेवटच्या वर्षी एकदम ३८. शेअरचा भाव ३८० रुपये. नेहमीचा पीई रेशो १०, म्हणजे "स्वस्त"! ब्रोकरचा फोन येणारच.

आता दहा वर्षांची साधी सरासरी काढा. बेरीज १२०, सरासरी १२. भाव भागिले १२ म्हणजे जवळजवळ ३२. दहाचा बत्तीस झाला. पण हेही पूर्ण खरं नाही, कारण दहा वर्षांपूर्वीचे ८ रुपये म्हणजे आजचे ८ रुपये नव्हेत. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर ते आजचे साडेतेरा होतात. असं प्रत्येक वर्षाचं केलं की सरासरी १४ रुपये ७० पैसे येते आणि रेशो २६ वर येतो.

तीन उत्तरं: १०, ३२, २६. पहिल्यात तेजीच्या वर्षाने फसवलं. दुसऱ्यात महागाई विसरल्यामुळे आपण कंपनीवर अन्याय केला. तिसरं त्यातल्या त्यात खरं. महागाईची दुरुस्ती नेहमी शेअर महाग दाखवण्यासाठीच असते असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. जुनी कमाई आजच्या पैशात आणली की ती मोठी होते आणि शेअर जरा स्वस्तच दिसतो.

वऱ्हाडातल्या जुन्या कास्तकाराला हे वेगळं शिकवावं लागलं नसतं असं मला वाटतं. कारण त्याच्यासमोर महागाईचं माप डोळ्यांनी दिसत होतं: ज्वारी. पऱ्हाटी वाढली तशी ज्वारीखालची जमीन कमी झाली आणि ज्वारीचा भावही चढला. खंडीभर कापसाचे चौपट पैसे आले तरी त्या पैशात ज्वारी चौपट येत नव्हती. सरकारी तक्त्यात कापूस रुपयांत मोजला जात होता, घरातली चूल तो ज्वारीत मोजत होती. "खऱ्या कमाईची" याहून सोपी व्याख्या मला तरी पाठ्यपुस्तकात मिळाली नाही.

बाकी विद्वानांनी हे शोधलं तेव्हा बराच काळ गेला होता. १९२९ च्या पडझडीनंतर, १९३४ मध्ये ग्रॅहम आणि डॉड यांनी आपल्या ग्रंथात सांगितलं की एका वर्षाच्या कमाईवर जाऊ नका, पाच, सात, शक्यतो दहा वर्षांची सरासरी घ्या. १९८८ मध्ये कॅम्पबेल आणि शिलर यांनी त्यात महागाईची दुरुस्ती घालून शंभरावर वर्षांच्या अमेरिकन आकड्यांवर तपासून बघितलं. त्यांनी दहा वर्षांच्या सरासरीबरोबर तीस वर्षांचीही वापरली. तीस! विंगेटसाहेबाचाच आकडा. योगायोग असेल, पण मला आवडला.

निष्कर्ष असा, की हा रेशो खूप वर असताना पैसे घातले तर पुढच्या दहा-वीस वर्षांचा परतावा साधारणपणे कमी मिळतो, खाली असताना घातले तर जास्त. १९२९ च्या शिखरावर तो ३२-३३ होता, २००० च्या डॉटकॉमच्या वेळी ४४ च्या जवळ. उलट बाजूही बघा. २००९ च्या मंदीत अमेरिकन कंपन्यांची कमाई इतकी बुडाली की साधा पीई शंभराच्या वर गेला, म्हणजे "भयंकर महाग". त्याच मार्चमध्ये केप होता १३ च्या आसपास. पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

मग काय, केप बघायचा आणि डोळे मिटून खरेदी-विक्री करायची? अजिबात नाही. दोन अडचणी आहेत आणि दोन्ही वऱ्हाडातच दिसतात.

पहिली अडचण म्हणजे जग खरंच बदलतं. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावची शाखा सुरू केली, लवकरच तारेने लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात पोचू लागला. महिनोन्महिने मिर्झापूरच्या वाटेवर चालणारा बैल संपला. ही वाढ युद्धासारखी तात्पुरती नव्हती, कायमची होती. इंदापूरचे अधिकारीही हेच म्हणत होते, की रस्ते आणि रेल्वेमुळे भाव आता पूर्वीच्या पातळीला जाणार नाहीत. आणि ते अर्धे बरोबर होते! भाव १८५० च्या पातळीला परत गेले नाहीत. चूक झाली ती उरलेल्या अर्ध्यात, युद्धाचा वाटा आणि रेल्वेचा वाटा वेगळा न करण्यात. "या वेळी परिस्थिती वेगळी आहे" हे वाक्य म्हणून धोकादायक. ते सपशेल खोटं असतं तर कोणी फसलंच नसतं.

दुसरी अडचण वेळेची. डिसेंबर १९९६ मध्ये शिलर यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला जाऊन सांगितलं की बाजार महाग आहे. बाजार त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ चढतच राहिला. उद्या पाऊस पडेल की नाही हे या मापाने कळत नाही. मोसम कोणता चालू आहे एवढंच कळतं.

आपल्याकडे आणखी एक तिढा आहे, डेटाचा. निफ्टीचा पीई २०२१ च्या मार्चअखेरपर्यंत कंपन्यांच्या एकट्याच्या कमाईवर काढत, नंतर उपकंपन्या धरून एकत्रित कमाईवर काढू लागले. एका झटक्यात रेशो ४० वरून ३३ च्या आसपास आला. बाजार तोच, कंपन्या त्याच, फक्त व्याख्या बदलली. तेव्हा "निफ्टीचा वीस वर्षांचा सरासरी पीई" असा आलेख कोणी पाठवला तर आधी विचारा, मध्ये मोजपट्टी बदलली ते धरलंय का?

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण वऱ्हाडात ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. २०२२ च्या वसंतात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या हंगामात अकोला, अमरावती, यवतमाळमध्ये हजारो घरांत कापूस भरून ठेवला गेला. ओसरीत, माडीवर, झोपायच्या खोलीत. दहा हजार परत येणार म्हणून. भाव घसरत सात-आठ हजारांवर आला. घरातल्या कापसाने अंगाला खाज सुटते, वजन घटतं, आणि उंदीर-आगीची भीती वेगळीच. आमच्या नात्यातल्या एका काकांनी मे महिन्यात, पेरणीला पैसे हवेत म्हणून, तो पडेल भावात काढला. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या डोक्यातला आकडा आला कुठून? मागच्या एका वर्षातून.

आणि इथेच महागाईचा दुसरा धडा. २०११ च्या तेजीत इथे कापूस सहा हजारांच्या वर गेला होता. २०२३ पर्यंत देशातली महागाई जवळपास दुप्पट झाली. म्हणजे २०११ चे सहा हजार म्हणजे २०२३ चे बारा हजार. त्या हिशोबाने २०२३ चा सात हजारांचा भाव हा "२०११ पेक्षा जास्त" नव्हता, जवळजवळ अर्धा होता. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी मात्र २०२३ च्या रुपयांत द्यायची होती. काकांची आशा चुकीची असेल, तक्रार चुकीची नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत की आपण एक तर शेतकऱ्याला लोभी म्हणतो, नाहीतर "गेल्या वर्षीचाच भाव द्या" म्हणून घोषणा देतो.

शेअरवाल्याला आणि कास्तकाराला दिलेला सल्ला मात्र एकच असू शकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. तुम्ही-आम्ही दहा वर्षं थांबू शकतो. पगार दर महिन्याला येतो, एसआयपी चालू राहते, सरासरी आपल्या बाजूने काम करते. ज्याचं कर्ज मार्चमध्ये फिटायचं आहे आणि पेरणी जूनमध्ये आहे, त्याला दहा वर्षांची सरासरी कितीही बरोबर असली तरी उपयोगाची नाही. त्याला त्या वर्षात तग धरायची असते. १८९० च्या दशकात कापसाचे जागतिक भाव तळाला होते, आणि त्याच दशकाच्या शेवटी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडात दोन दुष्काळ पडले. तीस वर्षांच्या हिशोबाने बसवलेला सारा त्या दोन वर्षांना कसा पेलणार? सरासरी नदी गुडघाभर खोल असली तरी माणूस डोहात बुडतो.

असो. पुढच्या वेळी एखादी कंपनी "फक्त दहाच्या पीईला" मिळतेय असं कोणी सांगितलं, तर मागच्या दहा वर्षांची कमाई मागून घ्या. एका एक्सेल शीटचं काम आहे, शनिवारी सकाळी चहा पिता पिता होतं. वरचा भाव आज बाजार ठरवतो. खालचा आकडा कुठल्या वर्षाचा घ्यायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.